घाईतला तांबट

फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला तेव्हा गोव्यातच होते, कुळे स्टेशनपासून थोडं आत, रानाला लागून असलेल्या एका होमस्टेच्या ओट्यावर. नेटवर्क यायचं-जायचं, त्यामुळे मेसेजवर एकच टिक बराच वेळ तशीच होती. फोटो तसा बरा आला होता. हिरवागार, मुठीत मावेल एवढा पक्षी, नांद्रुकाच्या फांदीवर जरा तिरका बसलेला आणि कपाळापासून डोळ्यांभोवती, हनुवटी, गळा, छातीच्या वरच्या भागापर्यंत सगळा एकसलग लालभडक. खाली मी लिहिलं, 'मलबार बार्बेट. फक्त पश्चिम घाटात सापडतो.' त्या 'फक्त'मध्ये थोडा माज होता हे आता वाचताना कळतं. जरा वेळानं डोंबिवलीहून मावशीचा रिप्लाय आला, "छान आलाय गं! आमच्या गॅलरीसमोरच्या पिंपळावर रोज असतो हा." आणि पुढे तीन गुलाबाची फुलं.

मी टाइप केलं, 'नाही मावशी, तो वेगळा, तुझा तो तांबट.' पुसलं. मग जरा मऊ करून लिहिलं, 'तसाच दिसतो पण...' तेही पुसलं. शेवटी हात जोडलेले पाठवले आणि फोन उलटा ठेवून दिला.

पण ते डोक्यातून जाईना. म्हणजे एवढं लागण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, मावशीनं कौतुकच केलं होतं. पण सुट्टी टाकून, उसनी लेन्स घेऊन, पहाटेच्या थंडीत मान वर करून करून मिळवलेला पक्षी कुणीतरी गॅलरीत चहा पिता पिता रोज बघतं म्हटल्यावर कुठंतरी टोचतंच. मला तो वेगळा असायला हवा होता. पक्ष्याला वेगळं असण्याची काही पडलेली नसते, गरज माझी होती. बरं, मावशी अगदीच चूक होती असंही नाही. एकाच घराण्यातले पक्षी, उंची जवळजवळ तीच, साधारण चिमणीपेक्षा थोडे मोठे, बांधा तोच, आखूड शेपूट, मोठं डोकं, जाड चोच आणि चोचीच्या मुळाशी राठ मिशा. छोट्या स्क्रीनवर चष्मा न लावता बघितलं तर हिरवं अंग आणि लाल तोंड एवढंच दिसणार.

तांबट आम्हा दोघींनाही लहानपणापासून माहितीचा. माझं आजोळ पुण्यात कसब्यात, तांबट आळीपासून चालत पाच मिनिटांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आजी सगळ्या पोरांना माजघरात फरशीवर झोपवायची, झोप कुणालाच यायची नाही, बाहेर ऊन नुसतं पांढरं झालेलं आणि दोन ठोके ऐकू यायचे. एक खरा, आळीतल्या हातोड्यांचा, पातेल्यांवरचा, त्याला एक खणखणीत शेवट असायचा. दुसरा वाड्यामागच्या झाडावरून, टुक टुक टुक, न थकता, न चुकता, मिनिटाला शंभरएक तरी. मामा म्हणायचा मोजा, जो शेवटपर्यंत मोजेल त्याला पेप्सीकोला, आणि मोजता मोजताच आम्ही झोपायचो, मामाचे पैसे वाचायचे. तो पक्षी कुठं बसलाय ते मात्र कधी सापडायचं नाही. बोलताना तो डोकं इकडून तिकडे वळवतो त्यामुळे आवाज आता डावीकडून, आता उजवीकडून आल्यासारखा वाटतो. पुढे मोठेपणी दुर्बिणीतून नीट बघितलं तेव्हा नवल वाटलं ते चोचीचं, एवढा आवाज काढतोय पण चोच बंदच! गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी तेवढी प्रत्येक टुकला फुगते आणि बसते. मुंबईनं याला शहराचा पक्षी म्हणून निवडलं ते मला तरी पटलं. गर्दीत राहतो, कुठल्याही वड-पिंपळावर भागवतो, दिवसभर एकच काम करतो.

आता ह्या दोघांत फरक काय, तर पुस्तकातलं पान असं सांगतं. तांबटाचं कपाळ लाल आणि छातीवर लाल पट्टा, पण डोळ्याच्या वर-खाली पिवळे ठिपके आणि गळाही पिवळा. पोट फिकट आणि त्यावर हिरव्या रेघोट्या ओढलेल्या. मलबार बार्बेटच्या तोंडावर पिवळं नावालाही नाही, ती सगळी जागा लालनं घेतलेली, त्या लालच्या कडेनं डोक्याच्या आणि मानेच्या बाजूला काळा आणि निळा, आणि पोट स्वच्छ हिरवं, एकही रेघ नाही. इतकं सोपं आहे. लाल-पिवळा-रेघोट्या तो गावातला, लाल-निळा-कोरा तो रानातला. मी घरून निघतानाच हे पाठ करून गेले होते.

आणि रानात गेल्यावर यातलं बरंचसं काही कामाला आलं नाही. सदाहरित जंगलात सकाळी उजेड खाली पोचतच नाही, झाडं उंच, पक्षी अगदी शेंड्याला आणि मागं पांढरं आभाळ. दिसतो तो एक काळा गोळा, शेपूट आखूड. सावलीत पहिला मरतो तो लाल रंगच, आधी तपकिरी वाटतो मग काळा. हिरवं तर पानांत असं मिसळतं की तीन जणांनी बोटं दाखवूनही चौथ्याला सापडत नाही. आमच्यातले एक काका तर सरळ म्हणाले, "अहो हे पान आहे," आणि ते पान उडून गेलं. माझ्या फोटोतला तो लालभडकपणा हा एका मिनिटाचा, उन्हाची तिरीप बरोबर त्या फांदीवर आली तेवढ्यापुरता. बाकी सगळा वेळ आम्ही पुस्तकातल्या खुणा शोधत होतो आणि पक्षी तिथंच होता.

हे असं का, त्याचा मी नंतर बराच विचार केला. ह्या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं एडवर्ड ब्लाइथनं, १८४७ साली. ब्लाइथ कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात क्युरेटर होता, आणि देशभरातून लोक त्याच्याकडे पक्ष्यांची कातडी पाठवायचे, पेंढा भरून, पायाला चिठ्ठी बांधून. टेबलावर ठेवलेल्या कातड्याचा रंग कळतो, चोचीची लांबी मोजता येते, पोटावर रेघा आहेत की नाही ते दिसतं. तो कुठल्या झाडावर, कुणाबरोबर बसला होता, किती भरभर बोलत होता, हे त्या कातड्यात राहत नाही. म्हणून ओळखण्याच्या खुणा म्हणजे रंग, हा सगळा हिशोब त्या टेबलावरचा आहे आणि आपण तोच खिशात घेऊन जंगलात फिरतो असं मला वाटायला लागलंय. बरं, नुसत्या रंगावर जाऊन पंडितांचंही एकमत नव्हतंच. कितीतरी वर्षं ह्याला स्वतंत्र जात मानतच नव्हते, श्रीलंकेत याचं एक भावंड आहे, त्याचा गळा चक्क पिवळा, त्याचीच पोटजात म्हणून हा पुस्तकात असायचा. आता वेगळा काढलाय. म्हणजे मावशीनं दोन पक्षी एकात घातले यात तिला फार बोलायला नको.

मला तो खरा कळला तो कानानं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावरच बसले होते, पायाला मोच म्हणून आमच्या पक्षी बघणाऱ्या ग्रुपबरोबर गेले नव्हते. समोर उतारावर तोच नांद्रुक. टुकटुक सुरू झालं आणि मी सवयीनं मनात मोजायला लागले आणि मोजताच येईना. तांबटाच्या दोन ठोक्यांत एक श्वास मावतो. ह्याच्यात मावत नाही, टुकटुकटुकटुक, आईच्या शिलाई मशीनवर पायडल जोरात मारल्यावर सुई जशी पळायची तसा. मध्येच थांबतो, एखादा वेगळा ठोका, परत पळापळ. दुपारची झोप लावणारा आवाज नाही हा, उलट काहीतरी राहून चाललंय असं वाटायला लावणारा. होमस्टेचे काका आतून ताक घेऊन आले, त्यांना विचारलं हा कुठला पक्षी, तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "तो घाईतला. हळू ठोकणारा खाली स्टेशनाजवळ, इथं वर हा." ग्लास ठेवून गेले. दोन्ही पक्षी काही भागांत एकत्र भेटतात, त्यामुळे काकांची हद्द तितकी पक्की नसेलही, पण खूण पक्की होती. डोळे मिटूनही चालणारी.

मग ती सकाळभर त्या झाडाखालीच गेली आणि मला वाटतं ह्या पक्ष्याबद्दल जे काही बघायचं ते तिथंच होतं. नांद्रुकाची फळं वाटाण्याएवढी, पिकली की जांभळट-काळी, चवीला आपल्याला काहीच नाही, मी खाऊन बघितलं, कोमट भुसा. पण वर जत्रा भरलेली. बुलबुल, पहाडी मैना, हरियाल, एक शेकरू लोंबकळून दोन्ही हातांनी खातंय, मधूनच धनेशाच्या पंखांचा तो घरघर आवाज आणि सगळ्यांची पांगापांग. पांढऱ्या गालाचा तांबट, जो सह्याद्रीत दिवसभर कुटरू-कुटरू करून कान किटवतो, तो आकारानं मोठा आणि दादागिरीही तशीच. आणि ह्या सगळ्यांच्या मधून आमचा लाल तोंडाचा, बाहेरच्या बारीक डहाळ्यांवर. मोठा भाऊ फळ चोचीत धरून चेपत, चावत बसतो, हा अख्खं गिळतो. गिळलं, मान झटकली, दुसरं. मध्ये एकदा हवेत झेप घेऊन काहीतरी उडतं पकडलं, पंखवाली वाळवी असावी. फळाहारी म्हणून कितीही नाव झालं तरी मुंग्या-अळ्या समोर आल्या तर हा सोडत नाही, आमच्या ओळखीतल्या बऱ्याच शाकाहाऱ्यांसारखंच.

अंजिराच्या गोतातल्या ह्या झाडांचं एक बरंय, सगळी एकदम पिकत नाहीत. एक नांद्रुक फेब्रुवारीत, पलीकडचा आणखी दोन महिन्यांनी, म्हणजे रानात कुठंतरी पंगत चालूच असते आणि बाकी झाडांचा हंगाम संपला की सगळे इकडे. आत काय चालतं ते आपण उंबर फोडून केंबरं बघतो तेव्हा दिसतंच, फुलं आतल्या बाजूला आणि त्यासाठी बारीकशी माशी आत शिरते, शिरताना पंख गमावते आणि बहुतेक तिथंच संपते. ती नसेल तर बी नाही. आणि पक्षी नसेल तर बी असून उपयोग नाही. त्यातही सगळे पाहुणे सारखे नाहीत हं. हरियाल दिसायला एवढा देखणा, आपला राज्यपक्षी वगैरे, पण त्याच्या पोटातली गिरणी दगड घालून बिया भरडून टाकते. बार्बेट मात्र गर पचवतो आणि बिया जशाच्या तशा कुठल्यातरी उंच बेचक्यात टाकून देतो. तिथं ती रुजली की मुळं खाली सोडत सोडत पुढच्या पन्नास-शंभर वर्षांत मूळ झाडाला आवळून नवा नांद्रुक उभा. मी ज्या झाडाखाली बसले होते त्याच्या बुंध्यात हात घालता येईल एवढी पोकळी होती, आत कधीकाळी दुसरंच कुठलं तरी झाड होतं. त्या झाडावर कुणी शिटलं होतं, त्याची ही सावली.

ग्रुप दुपारी परत आला. त्यांना ट्रोगन नावाचा पक्षी मिळाला होता आणि सगळे फार खूश. मी नांद्रुकाबद्दल सांगायला लागले तर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बार्बेट तर काल झाला ना?" झाला होता खरा, यादीत टिक होती. मलाही याद्या करायला आवडतात, खोटं कशाला बोलू, रात्री मीही माझी यादी मोजतेच. पण 'झाला' म्हणजे नक्की काय झालं, हे मला त्याला विचारायचं होतं आणि जेवणाची घाई होती.

नकाशावर याचं घर बघितलं तर एक बारीक हिरवी पट्टी. गोव्याच्या आसपास सुरू होते आणि घाटाला धरून केरळच्या दक्षिण टोकाकडे जाते, तीही बाराशे मीटरच्या साधारण खालीच. बास. तांबट पाकिस्तानपासून फिलिपिन्सपर्यंत पसरलाय आणि त्याचा हा चुलत भाऊ एका पट्टीत. कर्नाटकात कोडगूकडे सावलीच्या कॉफीमळ्यांतही राहतो म्हणा, वरची जुनी झाडं ठेवली असतील तर त्याला खाली कॉफी आहे की झुडपं याच्याशी देणंघेणं नाही. जगाच्या धोक्याच्या यादीत तो नाहीये, 'काळजीचं कारण नाही' अशाच गटात आहे, त्यामुळे उगीच छाती पिटायचीही गरज नाही. पण पट्टी अरुंद असली की प्रत्येक रस्ता ती आडवी कापतो. २०२० साली कुळ्याजवळच्याच मोलेच्या जंगलातून रेल्वेचा दुसरा रूळ, वीजवाहिनी आणि महामार्गाचं चौपदरीकरण असे तीन प्रकल्प एकदम आले तेव्हा गोव्यातली पोरं पोस्टर घेऊन रस्त्यावर उतरली होती. रुळाची वन्यजीव मंडळाची मंजुरी सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये रद्द केली. मी स्वतः मात्र त्याच लोहमार्गानं, गोवा एक्स्प्रेसनं, रिझर्वेशनवर झोपून गेले होते आणि कॅसलरॉकनंतर घाट उतरताना गाडी हळू चालते म्हणून कुरकुरलेही होते. ह्याचं काय करायचं ते मला अजून नीट सुचलेलं नाही.

ज्या फांदीनं मला सगळ्यात जास्त वेळ खिळवून ठेवलं ती मेलेली होती. नांद्रुकाच्या शेजारी एक झाड, त्याची मनगटाएवढी वाळकी फांदी, आणि तिच्या खालच्या अंगाला एक गोल भोक, इतकं सुबक की आधी कुणी ड्रिल मारलं की काय वाटलं. त्यातून लाल तोंड बाहेर आलं, इकडे तिकडे बघितलं, आत गेलं. हे पक्षी सुतारांचे नातेवाईक, घर कोरूनच करतात. याह्या नावाच्या संशोधकांनी केरळात पेरियारच्या जंगलात बार्बेटांचा बारकाईनं अभ्यास केला होता. मलबार बार्बेटचं वेळापत्रक साधारण असं आहे की डिसेंबर संपता संपता विणीची तयारी लागते, ढोली कोरायला वीसेक दिवस, मग काही दिवसांत दोन अंडी, पंधरा दिवस उबवणं. दिवसा नर-मादी आळीपाळीनं बसतात, रात्री मात्र मादीच. पिल्लांना सुरुवातीला किडे भरवतात, फळं नंतर, आणि साधारण पस्तीस दिवसांनी पिल्लं बाहेर. भोकाचा आकार हीच सगळी सुरक्षा. स्वतःला जेमतेम आत जाता येईल एवढंच, म्हणजे पांढऱ्या गालाचा दादा शिरू शकत नाही. पण कधी कधी तो दादा काय करतो, तेच भोक कोरून रुंद करतो आणि घर बळकावतो. वीस दिवसांची मेहनत ह्याची आणि राहायला तो. खारींपासूनही राखण करावी लागते, त्या अंडी खातात. एवढ्या रंगाचा पक्षी आणि आयुष्यातला केवढा तरी काळ काळोख्या भोकात जातो, जिथं लाल काय नि पिवळा काय.

पुण्याला आल्यावर मी मावशीला फोन केला, काहीतरी दुसरंच निमित्त होतं, आणि बोलता बोलता दोन्ही आवाज तिला मोबाइलवरून ऐकवले. पहिल्याला म्हणाली, "हा आमचा." दुसऱ्याला थोडं थांबून म्हणाली, "ह्याला काय झालंय? गाडी चुकतेय का याची?" फोटोतलं लाल-पिवळं समजावायला लागलं असतं, हे एका झटक्यात झालं. मग मी ढोलीचं सांगितलं, वाळक्या फांदीचं, आणि तिचा आवाजच बदलला. तिच्या सोसायटीत दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, माणसं येतात आणि 'डेंजर' म्हणून सगळ्या वाळक्या फांद्या छाटून जातात. "म्हणजे ते घरं तोडतात का गं?" सगळ्याच नाही, मी म्हटलं, पण बघायला हवं, भोक आहे का. फांदी खाली पार्किंगवर येणार असेल तर छाटायलाच लागेल, तिलाही ते कळतं, तिथं तिच्या नातवाची सायकल असते. पण पाठीमागच्या कंपाउंडला लागून शेवग्याची एक मेलेली फांदी आहे, तिच्यासाठी तिनं सेक्रेटरींशी भांडण काढलंय आणि सध्या तरी ती फांदी आहे.

कुळ्याची ती फांदी मात्र गेली. जुलैच्या पावसात पडली असं काका फोनवर म्हणाले, ढोलीपाशीच मोडून. तसंही जुनं घर हे पक्षी पुन्हा वापरतीलच असं नाही, पण झाड पसंत असेल तर पुढच्या वर्षी त्याच झाडावर नवं कोरतात, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्याच झाडाची आणखी एक फांदी यंदा वाळत चाललीये. डिसेंबरच्या शेवटी फोन करा, ठोकाठोकी ऐकू आली तर सांगतो, म्हणाले. मला कोरताना बघायचंय, चोचीनं भुसा बाहेर टाकताना. अडचण एवढीच की गोवा एक्स्प्रेसचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि लगेच भरतं, म्हणजे जानेवारीतली तारीख नोव्हेंबरातच अंदाजानं धरावी लागणार. वेटिंग निघालं तर मिरजेपर्यंत कोयना एक्स्प्रेस आणि पुढे बघू.